कप्तानिणीची सीट

त्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला जाणारी मोटरबोट जी बाई चालवायची, तिला लोक कप्तानीण म्हणत. ही पदवी तिने कमावलेली नव्हती, लग्नात मिळाली होती. नवरा कप्तान, म्हणून ती कप्तानीण. मास्तरांच्या बायकोला बाराखडी येवो न येवो, ती मास्तरीणच असते, त्यातला प्रकार. वीस-बावीस वर्षं तिचं काम एवढंच होतं की दोर टाकायचा, दोर सोडायचा, म्हाताऱ्या माणसांना हात देऊन चढवायचं आणि एकमेकांशी बोलत नसलेल्यांना वेगवेगळ्या बाकांवर बसवायचं. सुकाणूच्या चाकाला तिचा हात लागायचा तो फडक्याने पुसण्यापुरता.

बोट लहानच होती. दहा-बारा माणसं, त्यांच्या पिशव्या, एखादी सायकल. मागे इंजिन, मधोमध कमरेइतका एक कट्टा, त्यावर चाक, चाकापुढे काच आणि कट्ट्यामागे कप्तानाची सीट. सीट म्हणजे खरं तर लाकडी पेटी, वर रेक्झिनची गादी. ती कप्तानाने स्वतःच्या मापाने बसवून घेतली होती, आणि कप्तान होता ताडमाड. घरातल्या प्रत्येक चौकटीला त्याने कधी ना कधी कपाळ आपटलेलं होतं. म्हणून पेटी बुटकी ठेवली, तरी बसल्या जागेवरून त्याला काचेवरून सगळं पाणी दिसायचं. कप्तानीण त्याच्या खांद्यालाही पोचत नव्हती. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला स्टुलावर उभं केलं होतं आणि साडीने स्टूल झाकलं होतं, तरी स्टुलाचा एक पाय दिसतोच.

मग एका सकाळी कप्तानाचा उजवा हात चहाच्या कपापर्यंत पोचलाच नाही.

हॉस्पिटलातून तो घरी आला तेव्हा शरीराची उजवी बाजू गेलेली होती आणि सगळ्या शब्दांतून एकच शब्द शिल्लक होता. तो म्हणजे 'नाही'. चहा हवा का? नाही. चहा नको का? नाही. आणि दोन्ही वेळा कप रिकामा व्हायचा. पलीकडच्या काठावर दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई याच बोटीने रोज जायच्या-यायच्या. त्यांनी कप्तानिणीला समजावून सांगितलं, "त्यांना कळतं सगळं. आत माणूस पूर्ण जागा आहे. फक्त तोंडाला शब्द सापडत नाहीत, सापडतो तो एकच. तुम्ही शब्दाकडे लक्ष देऊ नका, माणसाकडे द्या."

सल्ला चांगला होता. चांगल्या सल्ल्याचं जे होतं तेच त्याचं झालं. कप्तानिणीने मान डोलावली आणि ती कामाला लागली.

काम म्हणजे बोट. परवान्याच्या परीक्षेत ती एकदा आपटली, दुसऱ्यांदा पास झाली. पहिल्या दिवशी निम्मे लोक धक्क्यावरच थांबले, "आम्ही पुढच्या फेरीला येतो" म्हणाले. पुढच्या फेरीलाही तीच चालवणार होती, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आठवडाभरात सगळे निमूट बसू लागले. पाणी ओलांडायचं तर दुसरी बोट होती कुठे?

अडचण निघाली ती सीटची. त्या पेटीवर बसलं की कप्तानिणीला चाक दिसायचं, चाकामागे काचेची खालची पट्टी दिसायची, आणि पलीकडे पाणी आहे हे केवळ आवाजावरून समजायचं. तिने दोन उशा घेऊन पाहिल्या. पहिल्याच वळणावर उशा एकीकडे गेल्या आणि ती दुसरीकडे, म्हणजे रोजचे प्रवासी असलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या मांडीवर. पोस्टमास्तर सभ्य गृहस्थ. "हरकत नाही," म्हणाले, आणि मग ही गोष्ट त्यांनी दोन्ही काठांवर सांगितली. त्या दिवसापासून कप्तानिणीने उशांना हात जोडले. ती उभ्यानेच बोट चालवू लागली.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, उभं. घरी आली की पाय सुजून टम्म व्हायचे, पोटरीवरच्या शिरा निळ्या पडून वर यायच्या. वर्ष उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी एकदा बोटीतच तिची साडी घोट्याच्या वर करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बसून चालवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर सोडून द्या. तिसरा उपाय माझ्याकडे नाही."

सोडून देणं अवघड नव्हतं. नणंद एका गल्लीपलीकडे राहायची. दुपारी भावाजवळ बसायला यायची आणि रोज एकदा तरी म्हणायची, "वहिनी, एखादा माणूस ठेवा की बोटीवर. हे बाईमाणसाचं काम आहे का?" वाईट नव्हती नणंद. भावावर तिचा जीव होता, आणि जीव असला की माणूस सल्ले देतो.

पण कप्तानिणीला बोट सोडायची नव्हती. पोटासाठी तिने दुसरं काहीही केलं असतं. बोट तिला बोटीसाठीच हवी होती. दोर सुटला, इंजिनाचा आवाज चढला आणि हाताखालचं चाक जिवंत झालं की तिला जे वाटायचं, ते तिला आयुष्यात दुसरं काही करताना वाटलं नव्हतं. नवरा खाटेवर पडलेला आणि आपण सुखात, याची तिला लाज वाटायची. आणि त्या लाजेच्या मागे एक भीती होती. ह्यांना हे दिसत असणार. आपली जागा बायकोने घेतली आणि वर ती खूश आहे, हे ह्यांच्या मनाला लागत असणार. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर उत्तर ठरलेलंच होतं.

तर, नवी सीट करायची ठरली. बोट दरवर्षी एकदा पाण्याबाहेर काढून घराच्या अंगणात लाकडी घोड्यांवर चढवायची, तळ खरवडायचा, रंग द्यायचा, असा रिवाज होता. त्यातच सीट करून घ्यावी म्हणून तिने सुताराला बोलावलं.

सुताराला सगळे पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की वस्तू सपाट आहे असं समजायचं. ती त्याच्या खिशात कायम. लग्नाच्या पंगतीत त्याने टेबलावर पाणसळ ठेवून पाहिली होती आणि एका पायाखाली कागदाची घडी सारल्याशिवाय तो जेवला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. पाणसळ असा माणूस, की आधी अंगण सरळ करून देईल आणि मग म्हणेल, आता नाच बघू. त्याने केलेलं कपाट डुगडुगत नसे, दार आपोआप उघडत नसे. मात्र तो कधी बोटीत बसला नव्हता. त्याला पाण्याची भीती वाटायची. पाणी एका जागी राहत नाही, म्हणायचा.

मापं घ्यायच्या दिवशी त्याने पहिलं काम केलं ते बोट सपाट करण्याचं. इकडे पाचर ठोक, तिकडची काढ, पुन्हा वाकून बुडबुडा बघ. बोट पुढून-मागून, डावीकडून-उजवीकडून अशी सपाट झाली की तिच्यात दूध ठेवलं असतं तर सांडलं नसतं. मग जुनी पेटी उखडली. तिच्या जागी फळ्या रचून त्यावर कप्तानिणीला बसवलं.

"दिसतंय?" पाणसळने खालून विचारलं.

"काच दिसतेय."

आणखी एक फळी सरकवली. "आता?"

"बोटीचं नाक दिसतंय. त्याच्यापुढे..." तिने मान उंचावली नाही, मुद्दाम उंचावली नाही. "त्याच्यापुढे भिंतीवरचा नळ दिसतोय. अख्खा."

"आणि पाय?"

"टेकतायत जमिनीला."

"झालं तर!" पाणसळ खूश झाला. "नाक ओलांडून नजर जाते आणि पायही टेकतात. याच्यावर एक सूत चढवलं तर पाय लोंबकळतील, एक सूत उतरवलं तर दिसणार नाही. असं माप नशिबाने मिळतं, वहिनी."

कप्तानाला नणंदेने चाकांच्या खुर्चीत बसवून अंगणात आणलं होतं, जरा मोकळी हवा म्हणून. तो इतका वेळ गप्प होता. पाणसळने कानावरची पेन्सिल काढून फळीवर खूण केली, तेव्हा तो एकदम ओरडला.

"नाही!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याचा चांगला असलेला डावा हात पुढे आला होता. आधी आडवा, मग बोटं वर. वाहतुकीचा पोलीस गाडी थांबवतो तसा तळहात त्यांच्याकडे रोखलेला.

"थांबा म्हणतोय दादा," नणंद म्हणाली.

"नाही! नाही!" पुन्हा हात आडवा, पुन्हा बोटं वर. चेहरा लालबुंद. उखडलेली जुनी पेटी त्याच्या खुर्चीशेजारीच पडली होती, गादीवर त्याच्या बसण्याचा खळगा तसाच होता. नणंदेने पेटीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "वहिनी, नका हो. त्याला सहन होत नाहीये. त्याची जागा आहे ती. एवढी तरी राहू द्या त्याची."

कप्तानीण फळ्यांवरून उतरली. वर्षभर जे घडेल म्हणून ती भीत होती, ते आता भर अंगणात, सुताराच्या देखत घडत होतं. तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"मग मी काय करू?" ती नवऱ्यापुढे जाऊन म्हणाली. "उभीच राहू? पाय तुटून पडले की मग बसू? वर्षभर उभी आहे मी, अहो, एकदा तरी कुरकुरले का? तुमची गादी जपली, खळगासुद्धा जपला. आणि तुम्हाला काय, फक्त नाही, नाही, नाही!"

"नाही," कप्तान म्हणाला. हात आडवा. बोटं वर.

तिने खुर्ची फिरवली, ढकलत खोलीत नेली आणि दार ओढून घेतलं. आतून दोन-तीनदा तोच शब्द ऐकू आला, मग थांबला. पाणसळ पाचरा गोळा करत होता, कारण अशा वेळी माणसाने काहीतरी गोळा करावं. "करा तुम्ही," कप्तानीण त्याला म्हणाली. "घेतलेल्या मापाने करा."

सीट झाली झकास. पाण्याला दाद न देणारं प्लायवूड, कडा गोल घासलेल्या, पाठीला टेकायला उंच पाठ, जाड फोम, वर गडद निळं रेक्झिन आणि शिवण अशी की बोट फिरवलं तर लागू नये. पाणसळने ती बोल्टांनी आवळली, वर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा दाखवायला नणंदेलाही बोलावलं. बुडबुडा मधोमध होता, यात शंका नाही.

घरात मात्र सगळं गप्प होतं. कप्तान आता 'नाही'सुद्धा म्हणत नव्हता. भरवलेला घास खायचा आणि खिडकीकडे तोंड फिरवायचा. खिडकीतून अंगण दिसायचं आणि अंगणात ती बोट. कप्तानीण त्याचं अंग पुसायची, औषध द्यायची, कूस बदलायची, सगळं वेळच्या वेळी. त्याच्या डोळ्याला डोळा मात्र ती देत नव्हती. तिने आपला राग धरून ठेवला होता, कारण तो सोडला असता तर त्याच्या जागी काय आलं असतं हे तिला ठाऊक होतं.

बोट पाण्यात उतरली. पहिली फेरी सकाळची, गर्दीची. सगळ्यांनी सीटचं कौतुक केलं. पोस्टमास्तर म्हणाले, "आता माझी मांडी निर्धास्त." कप्तानीण बसली. पाय टेकले, पाठ टेकली. धक्का सोडून बोट हळूहळू बाहेर निघाली तोवर समोर पाणी दिसत होतं, पलीकडचा काठ दिसत होता, आणि दुखऱ्या पायांतून जणू कुणी ओझं काढून घेतलं होतं. तिला वाटलं, कुणाला लागायचं तर लागू दे, पण हे सुख खरं आहे.

मोकळ्या पाण्यात आल्यावर तिने वेगाच्या दांड्याचं, म्हणजे थ्रॉटलचं, टोक रोजच्यासारखं पुढे सारलं.

आणि बोटीने रोजच्यासारखं नाक वर केलं.

इंजिन मागे, माणसं मागच्या बाकांवर, वेग घेतला की मागची बाजू दबते आणि पुढची उचलते. त्या बोटीत बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. कप्तानिणीने ते बावीस वर्षं दोर गुंडाळताना पाहिलं होतं आणि वर्षभर चाकामागे उभं राहून पाहिलं होतं. उभ्या माणसाला त्याचा त्रास नसतो, म्हणून ते तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. आता बसलेल्या कप्तानिणीला समोर दिसत होतं बोटीचं पांढरं नाक आणि त्याच्यावर आभाळ. पाणी नाही, काठ नाही, काही नाही. ती झटकन उभी राहायला गेली, तर नवी सीट पुढे आलेली, तिची कड गुडघ्यांच्या मागे बसली आणि ती पुन्हा धपकन खाली.

"बांबू! बांबू!" उजवीकडच्या बाकावरून डॉक्टरीणबाई ओरडल्या.

जाळी लावणाऱ्यांनी रोवलेला बांबू. तिने न बघता चाक डावीकडे मारलं आणि थ्रॉटल मागे ओढलं. बांबू बोटीच्या कडेला खरवडत निघून गेला. कुणाचा तरी डबा उलटला, पोस्टमास्तरांचा चष्मा पायाशी पडला. बाकी काही झालं नाही. पण दोन हात इकडे असतं तर झालं असतं, आणि बांबूच्या जागी एखादी छोटी होडी असती तर तिला ती दिसलीही नसती. उरलेलं अंतर कप्तानिणीने गोगलगायीच्या चालीने काटलं.

पलीकडच्या धक्क्यावर ती दोर बांधत खाली बसली. गाठ बसेना. चार पावलांवर चहाच्या टपरीशी पोस्टमास्तरांनी गोष्ट सांगायला घेतलीच होती.

"ही बोट, बरं का," त्यांनी आपला तळहात आडवा धरला. "अशी सपाट चाललेली. आणि वेग घेतला मात्र," त्यांनी हळूहळू बोटं वर केली, "नाक हे असं वर! मग त्या बाईला दिसणार काय, कपाळ?"

कप्तानिणीच्या हातातून दोर सुटला.

हात आडवा, मग बोटं वर. अंगणात कप्तानाने तेच केलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. सगळ्यांनी त्यातला शेवटचा अर्धा तेवढा पाहिला होता. सीटला हात लावू नका, असं तो म्हणालाच नव्हता. वेड्यांनो, बोट सपाट ठेवून काय मोजताय, ती चालताना अशी होते, तशी धरून मोजा, असं तो बायकोला सांगत होता. बायको बसणार आहे ती सीट नीट व्हावी म्हणून हा माणूस चेहरा लाल होईपर्यंत ओरडत होता, आणि तिने त्याला खोलीत ढकलून दार लावलं होतं. काखेत कळसा होता. तिने तो आत कोंडून ठेवला होता.

ती तिथेच बसून रडली. टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. लोकांना वाटलं, बाई घाबरली.

परतीची फेरी तिने कट्ट्याबाजूला तिरकी उभी राहून, मान बाहेर काढून, कशीबशी केली. धक्क्यावर पाटी लावली, 'आज बोट बंद'. घरी आली तर नणंद भावाला पेपर वाचून दाखवत होती. कप्तानीण सरळ खाटेशी गेली, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि तिने आपला तळहात त्याच्या डोळ्यांपुढे आडवा धरला. मग बोटं वर केली.

कप्तानाने तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि डाव्या हाताने त्याने स्वतःच्या कपाळावर असा काही फटका मारून घेतला की नणंद दचकून उठली.

"चुकले मी," कप्तानीण म्हणाली. "अहो, मला वाटलं तुम्हाला नको आहे. मी दार लावलं तुमच्या तोंडावर. मला कळलं नाही."

"नाही," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता, कारण तो तिने धरून ठेवला होता.

नणंदेला सगळं समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते, दादा उगाच ओरडणार नाही." असं ती म्हणाली नव्हती, पण त्या दिवशी कुणी तिला टोकलं नाही.

बोट पुन्हा घोड्यांवर चढली आणि पाणसळची खरी परीक्षा सुरू झाली. पुढच्या घोड्यावर जॅक लावून नाक उचलायचं आणि तशा वाकड्या बोटीत मापं घ्यायची, हे ऐकून त्याने पाणसळ खिशात टाकली आणि पिशवी उचलली.

"वाकडं धरून सरळ मोजायचं? मी तीस वर्षांत असलं पाप केलं नाही."

"पाप मी घेते," कप्तानीण म्हणाली. "तुम्ही माप घ्या."

कप्तान या वेळी अंगणाच्या मधोमध होता, बोटीच्या बाजूला, कडा नीट दिसेल असा. पाणसळ जॅक फिरवायचा आणि वळून बघायचा. "बस?" "नाही." आणखी थोडं. "बस?" "नाही." आता त्या शब्दाकडे कुणी लक्ष देत नव्हतं, सगळे हाताकडे बघत होते. हात वर, आणखी वर, जरा खाली. मग कप्तानाने हात मांडीवर ठेवला. तेवढंच हवं होतं.

त्या तिरक्या बोटीत कप्तानीण नव्या सीटवर बसली तेव्हा नळ तर सोडाच, भिंतही दिसत नव्हती. वरचं पत्र्याचं छप्पर तेवढं दिसत होतं. पाणसळ वर चढून तिच्या शेजारी उकिडवा बसला, त्याने तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आपले डोळे आणले आणि समोर पाहिलं.

"अशीच चालते ही?" त्याने विचारलं.

"रोज."

"मग मी काय मोजलं होतं?" तो म्हणाला. "उभी असलेली बोट मोजली होती." आणि तो मुकाट्याने कामाला लागला.

सीट चांगली वीतभर वर गेली. पाय लोंबकळू लागले, म्हणून खाली पाय ठेवायला आडवी फळी आली. बसण्याच्या जागेचा पुढचा भाग बिजागरीवर घेतला. तो वर दुमडला की चाकामागे उभं राहायला जागा व्हायची आणि दुमडलेल्या गादीला पाठ टेकता यायची. ही युक्ती कप्तानाची की पाणसळची, यावर नंतर दोन मतं झाली. कप्तानाने हात दुमडून दाखवला होता हे खरं. त्याला बिजागरी म्हणायची होती की कोपराला खाज आली होती, हे पाणसळच्या मते सांगता येत नाही.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी पहिली फेरी लोकांची नव्हती. पोस्टमास्तर, धक्क्यावरचे दोघे आणि जीव मुठीत धरून पाणसळ, अशा चौघांनी कप्तानाला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं, पट्ट्याने बांधलं आणि खुर्चीची चाकं दोराने बाकाला जखडली. मग ते उतरले. पाणसळ सर्वांत आधी उतरला. कप्तान आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटीत मागे बसला होता. समोर त्याला नव्या सीटची निळी पाठ दिसत होती आणि तिच्यावर बायकोचा अंबाडा.

कप्तानिणीने बोट बाहेर काढली. पाय फळीवर. थ्रॉटल पुढे. नाक उठलं, आणि उठलेल्या नाकावरून तिला पाणी दिसलं, रांगेतले बांबू दिसले, पलीकडचा धक्का, टपरी, टपरीचा धूरही दिसला.

"दिसतंय हो!" ती इंजिनाच्या आवाजावर ओरडली. "सगळं दिसतंय!"

वर्षभर गिळून ठेवलेला प्रश्न तिने मग समोर बघतच विचारला, कारण वळून विचारायचा धीर नव्हता.

"तुमच्या जागेवर बसलेय मी. राग आहे का मनात?"

"नाही," कप्तान म्हणाला.

पण तो दुसरं म्हणणार तरी काय होता? दोन्ही बाजूंनी तेच उत्तर असलेला प्रश्न तिने विचारून ठेवला होता. तिने थ्रॉटल मागे घेतलं. नाक खाली आलं, बोट सपाट होऊन तरंगत राहिली. मग ती सीटवर अर्धी वळली आणि शब्दाकडे नाही, माणसाकडे पाहू लागली.

कप्तानाचा हात उठला होता. आडवा तळहात. त्याने बोटं वर केली. नाक वर. मग तोच हात तिच्या खांद्यावरून पुढे, पलीकडच्या काठाकडे, दोनदा झटकला. थांबलीस कशाला?

तिने पदराने तोंड पुसलं, पुढे वळली आणि थ्रॉटल सारलं.